दिवेलागणीची कडी

त्या सकाळी खुराड्याकडे निघाले आणि पायरी उतरल्यावर लक्षात आलं की आवाजच नाही. एरवी मी कडीला हात लावायच्या आधीच आत कालवा सुरू असतो. दांडीवरून धपकन उड्या पडतात, पंख झटकले जातात, दाराशी एकमेकींच्या पाठीवर चढून डोकावणं चालू असतं. त्या दिवशी काही नाही. गवतावर पिसं पडली होती. एका जागी मूठभर, मग चार-पाच हात सोडून थोडी, मग कुंपणाच्या दिशेने एखाद-दुसरं.

सात कोंबड्यांतली एक नेली होती. चार आत पडल्या होत्या आणि चारही जवळजवळ अखंड होत्या. मानेच्या मागच्या बाजूला दातांच्या खुणा, बाकी अंगाला धक्का नाही. दोन वाचल्या. एक करडी तलंग छपराखालच्या वाशावर अंग चोरून इतकी गच्च बसली होती की मला आधी दिसलीच नाही. दुसरी अंड्यांच्या खोक्यामागे, भिंत आणि फळी यांच्या फटीत तोंड खुपसून होती.

दार बंद होतं. कडी जिथल्या तिथे होती. रात्री मीच लावली होती आणि लावल्यावर एकदा ओढूनही पाहिली होती. मग गुडघ्यांवर बसून मी चारी बाजू हाताने चाचपल्या, तेव्हा मागच्या खालच्या कोपऱ्यात बोटं सरळ आत गेली. जाळी जिथे यू आकाराच्या खिळ्यांनी चौकटीला ठोकली होती, तिथले तीन खिळे उपटून आले होते आणि वहीच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी जाळी आत वळली होती. फट माझ्या मुठीपेक्षा थोडी मोठी. एका तारेच्या टोकाला बारीक केस अडकले होते, पिवळट करडे. ते केस बोटांत धरून मी किती वेळ तिथे बसले होते, मला आठवत नाही.

पहिले आठ-दहा दिवस नुसता राग होता. भुकेल्या जिवाने एक नेली, हे समजत होतं. पण उरलेल्या चार? खायच्या नव्हत्या तर मारल्या का? कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही हा प्रश्न कधी ना कधी पडतो आणि उत्तर बहुतेकदा शिवीच्या रूपात येतं. खुनशी, माजलेला असले शब्द मीही वापरले. मग हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने याच प्रश्नावर 1972 मध्ये लिहिलेल्या निबंधाविषयी वाचलं आणि ते शब्द सोडून दिले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळ्या डोक्याच्या कुरव पक्ष्यांची वसाहत होती. एरवी सावध असणारे हे पक्षी अगदी काळोख्या रात्री जमिनीवरच बसून राहतात, उडत नाहीत, आणि अशा रात्री खोकड त्यांच्यामधून चालत जाऊन एकामागून एक मारत सुटतो. खातो त्यातले फार थोडे. (आपण गोष्टींमध्ये ज्याला सरसकट कोल्हा म्हणतो, तो पुष्कळदा हा खोकड असतो.) शिकार करणाऱ्या जनावराच्या अंगात शोधणं, दबा धरणं, झेप घेणं, मान पकडणं अशा पायऱ्या असतात, आणि पोटाची सोय झाली म्हणून मान पकडण्याची पायरी बंद पडत नाही. रानात ती बंद पडायची गरजही नसते, कारण पहिली मान हाती लागेपर्यंत बाकीचे उडून किंवा पळून गेलेले असतात. भक्ष्य समोर आहे आणि पळत नाही, असं तिथे क्वचित घडतं. खुराड्यात ते दर रात्री घडू शकतं, कारण पळायचं दार मीच बाहेरून लावलेलं असतं.

हे वाचून डोक्याला कळलं. हाताला कळलं ते त्यानंतरच्या एका संध्याकाळी. करडी तलंग खुराड्यात यायला तयारच नव्हती. दुसरी आत गेली, ही मात्र परसातल्या झाडावर चढून बसली. त्यात तिची चूक काय? कोंबड्यांचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा, आणि तो रात्री झाडावरच बसतो. खुराडं आपण दिलं, फांदी त्यांच्या रक्तातली आहे. पूर्ण अंधार पडल्यावर मी शिडी लावली. दिवसा या तलंगीला पकडायचं म्हणजे अर्धा तास धावायचं काम. अंधारात मी तिच्या पोटाखाली हात घातला, तिने एकदा बारीक आवाज काढला, पायांची पकड सोडली आणि सगळं वजन माझ्या तळहातावर टाकून दिलं. पिसांच्या आत तिचं अंग ऊन ऊन होतं आणि काळीज माझ्या बोटांवर फडफडत होतं. पण ती सुटायला धडपडली नाही. तशीच बसून राहिली. शिडीवर उभ्या उभ्या माझ्या मनात आलं, त्या रात्री त्या जनावराच्या तोंडालाही हेच लागलं असणार. असंच ऊन, असंच मुकाट.

कोंबड्या रातांधळ्या असतात असं म्हणतात ते खरं आहे. दिवसा त्यांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, अतिनील किरणांपर्यंत. त्या रंगीत दिवसाची किंमत त्यांच्या डोळ्याने रात्रीत मोजली आहे, मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी त्यात कमी. मांजर, कुत्रा, खोकड यांच्या डोळ्यात उलट सोय असते. दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो, आत शिरलेला उजेड त्यावरून परत फिरतो आणि दुसऱ्यांदा कामी येतो. बॅटरीच्या झोतात त्यांचे डोळे चमकतात ते त्यामुळे. आपल्या डोळ्यात हा थर नाही. म्हणजे रात्री परसात तीन प्रकारचे डोळे असतात आणि त्यात आपले कोंबडीच्या बाजूचे.

तरी मी सुरुवात केली ती दिव्यांपासून. बहुतेक जण तिथूनच करतात, कारण आपल्यालाच अंधाराची भीती वाटते. सौर ऊर्जेवर चालणारे, लाल लुकलुकणारे छोटे दिवे मिळतात. दुसऱ्या एखाद्या जनावराचे डोळे आहेत असं समजून शिकारी लांब राहतो, असं सांगून ते विकले जातात. चार कोपऱ्यांना चार लावले. तीन आठवडे काही आलं नाही. चौथ्या आठवड्यात एका पहाटे पाहिलं तर दिवा लुकलुकत होता आणि त्याच्याच खाली, दुरुस्त केलेल्या कोपऱ्याशी, माती उकरलेली होती.

आपल्याकडे म्हण आहे, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. माझं उलटं झालं होतं. म्हाताऱ्यांचं दुःख तर होतंच, पण सोकावणं या शब्दाचा पुरता अर्थ मला त्या पहाटे कळला. पहिल्या दिवशी जनावर नव्या गोष्टीला बिचकतं. दुसऱ्या दिवशी लांबून बघतं. चौथ्या दिवशी जवळून बघतं. काही झालं नाही की ती गोष्ट दगडधोंड्यांत जमा होते. केनियातल्या रिचर्ड तुरेरे या मुलाने ही पायरी स्वतः पाहिली होती. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाला लागून त्याचं घर, आणि सिंह रात्री येऊन गुरं मारायचे. त्याने आधी आग पेटवून पाहिली. मग बुजगावणं उभं केलं. पहिल्या रात्री सिंह परत गेले, दुसऱ्या रात्री बुजगावणं हलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. एका रात्री तो बॅटरी घेऊन गोठ्याभोवती फिरत राहिला आणि सिंह आलेच नाहीत. तेव्हा त्याने एवढंच शोधून काढलं की ते उजेडाला भीत नाहीत, हलणाऱ्या उजेडाला भितात. जुनी कार बॅटरी, सौर पत्रा आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा भाग जोडून त्याने दिवे असे लावले की कुणीतरी बॅटरी घेऊन फिरतंय असं बाहेरून वाटावं. 2013 मध्ये, तेरा वर्षांच्या वयात, तो हे जगापुढे सांगत होता. मी त्याचं बोलणं ऐकलं तेव्हा मला दिव्यांच्या रचनेपेक्षा त्याचं ते रात्रभर फिरणं जास्त भिडलं. आधी तो स्वतः तिथे होता, दिवे नंतर आले.

पण दिवा सगळ्यांना एकसारखा चालत नाही. चिलीच्या अँडीज पठारावर लामा आणि अल्पाका ही लोकरीची जनावरं पाळणाऱ्यांबरोबर संशोधकांनी असे लुकलुकणारे दिवे तपासून पाहिले, 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. प्यूमा, म्हणजे तिथली मोठी रानमांजरं, दिव्यांच्या कळपांपासून दूर राहिले. तिथल्या खोकडांनी दिव्यांना जुमानलंच नाही. तेव्हा कोण येतं हे माहीत नसताना आणलेला उपाय म्हणजे रोग न बघता घेतलेलं औषध.

शिवाय दिव्यांची एक बाजू आहे जी मला उशिरा कळली आणि जिच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. लाल दिवे चालेनात म्हणून मी दोन महिने खुराड्याबाहेर पांढरा लख्ख दिवा रात्रभर चालू ठेवला. कोंबड्या नीट झोपेनात. दांडीवर बसल्या बसल्या टोचाटोची, दिवसा मरगळ. पक्ष्यांना उजेड फक्त डोळ्यांनी कळत नाही. त्यांच्या मेंदूतच प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड तिथवर पोचतो. 1930 च्या दशकात झाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने बदकांवर हे दाखवलं होतं. दिवस किती मोठा, अंडी कधी द्यायची, हे सगळं त्या उजेडावर ठरतं. आणि बागेचं काय? रात्री उमलणारी फुलं पतंगांची वाट बघत असतात, आणि ते पतंग माझ्या दिव्याभोवती गरगरत मरत होते. स्वित्झर्लंडमधल्या कुरणांवर झालेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रात्री दिवे लावलेल्या जागी फुलांवरच्या निशाचर कीटकांच्या भेटी 62 टक्क्यांनी घटल्या होत्या. एका शत्रूला हाकलण्यासाठी मी रात्रीच्या सगळ्याच वस्तीला हाकलत होते. मी तो दिवा काढला.

वासाचे उपाय थोडक्यात सांगते, कारण त्यांत फारसं काही नाही. तिखट, केस, लघवी, तीव्र वासाचं तेल. पहिल्या दोन रात्री असर, पहिल्या पावसात सगळं साफ. डांबराच्या गोळ्या मात्र कुणी सुचवल्या तरी बागेत टाकू नयेत. त्या विषारी आहेत, मातीत आणि पाण्यात जातात, आणि लहान मूल असेल तर ते हातात घेणारच.

मग एक दिवस बाबा आले. मी त्यांना दिवे दाखवले, केस दाखवले, दुरुस्त केलेला कोपरा दाखवला. ते सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "कोण येतं?"

"रानमांजर असावं बाबा, नाहीतर उदमांजर. कुत्राही असेल."

"असावं, असेल. बघितलंस का?"

"रात्रभर कशी जागू?"

"तू कशाला जागतेस? माती जागेल. चाळणी आण."

आम्ही दोघांनी मिळून बारीक माती चाळली आणि खुराड्याच्या चारी बाजूंनी हातभर रुंदीचा पट्टा पसरून फळीने सपाट केला. त्यावर बोट टेकवलं तर बोटाच्या रेषा उठाव्यात इतकी माती मऊ. तिसऱ्या सकाळी ठसे आले. गोलसर, चार बोटं, मागे तळव्याची गादी आणि पुढे नखांची खूण नाही. कुत्रा, कोल्हा, खोकड यांच्या ठशात पुढे नखं उमटतात आणि ठसा लांबट असतो. उदमांजर आणि मुंगूस यांना पाच बोटं. मांजरकुळातलं जनावर चालताना नखं आत ओढून घेतं. ठसा घरच्या बोक्यापेक्षा चांगलाच मोठा होता. कसलाही आरडाओरडा न करता मातीने नाव सांगितलं होतं.

बाबांनी मला आणखी एक करायला लावलं. "तू उभी राहून बघतेस, म्हणून तुला खुराडं दिसतं. त्याच्या उंचीला बस, मग फटी दिसतील." अंधार पडल्यावर मी चवड्यांवर बसले, मग कोपरं टेकून जवळजवळ आडवी झाले आणि खुराड्याभोवती फिरले. आत एक बॅटरी लावून ठेवली होती. बाहेरून पाहिलं तर खुराडं तारांगणासारखं दिसत होतं. दाराखाली उजेडाची पट्टी, फळ्यांच्या सांध्यांत रेघा, पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटांची फट. ज्या घराला मी भक्कम म्हणत होते त्याला बत्तीस ठिकाणी उजेड होता. मी मोजले.

इथून पुढचं काम हाताचं होतं आणि मला ते सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण माझ्या पाच कोंबड्या जाळीच्या एका कोपऱ्यापायी गेल्या.

षटकोनी भोकांची जी पातळ जाळी कोंबड्यांची जाळी म्हणून मिळते, ती कोंबडी आत ठेवण्यासाठी असते. बाहेरच्याला बाहेर ठेवणं तिला जमत नाही. तार पातळ असते, दात आणि पंजे लावले की उलगडते, आणि भोकातून पंजा आत जातो. उत्तर अमेरिकेतले रॅकून, हातासारख्या पंज्यांची जनावरं, जाळीतून हात घालून दांडीवर बसलेल्या कोंबडीचं डोकंच ओढून नेतात. त्याऐवजी वेल्ड केलेली, अर्ध्या इंची चौकोनांची जाड जाळी हवी. अर्धा इंच का, तर वीझलसारखं सडपातळ जनावर जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या भोकातून आत येतं आणि उंदराला त्याहून कमी पुरतं. जाळी खिळ्यांनी ठोकायची नाही. स्क्रू आणि त्याखाली रुंद वायसर, वीतभर अंतराने एक. खिळा ओढला की येतो, माझे तीन आले. स्क्रू लाकूड घेऊनच येईल.

मग जमीन. उकरणारं जनावर अगदी भिंतीच्या पायाशी, जिथे नाक अडतं तिथेच उकरायला लागतं. दोन पावलं मागे सरकून उकरावं, हे सहसा त्याला सुचत नाही. त्याच्या या सवयीवरच उपाय बांधलेला आहे. खुराड्याच्या पायापासून बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट जाळी जमिनीवर आडवी पसरायची, भिंतीला घट्ट जोडायची, खुंट्या मारायच्या आणि वर माती टाकायची. गवत उगवलं की दिसतही नाही. जनावर येतं, पायाशी पंजा मारतं, तार लागते. पुन्हा मारतं, पुन्हा तार. खोल चर खणून जाळी उभी पुरण्यापेक्षा हे सोपं आणि माझ्या मते जास्त टिकाऊ.

कडीबद्दल मी आधी निष्काळजी होते. साधी वर उचलायची कडी पंज्याने उचलली जाते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी डेव्हिस नावाच्या संशोधकाने रॅकूनना तेरा प्रकारची कुलपं उघडायला दिली होती आणि त्यांनी त्यातली अकरा उघडली होती. माझ्याकडे येणारं मांजर तेवढं हातांचं नाही, पण दार ढकलून, नख अडकवून ओढून बघणारं नक्की आहे. आता कडी, कोयंडा आणि त्यात घालायची स्प्रिंगची कडी, असं दोन हातांचं काम ठेवलं आहे.

हे करताना एक चूक फार जण करतात आणि मीही करणार होते. बत्तीस भोकं पाहिल्यावर सगळी बुजवावीशी वाटतात. बाबांनी हात धरला. रात्रभर कोंबड्या श्वासातून वाफ सोडतात, शिटेतून अमोनिया उठतो, आणि पक्ष्याचं फुप्फुस फार नाजूक. हवाबंद खुराड्यात त्या शत्रूपासून वाचतील आणि छातीच्या रोगाने जातील. म्हणून खालच्या फटी फळ्यांनी बुजवल्या आणि वरच्या, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा उंच असलेल्या, तशाच ठेवून त्यांवर तीच अर्ध्या इंचाची जाळी मारली. आता बाहेर आडवं होऊन पाहिलं की उजेड फक्त छपराखाली दिसतो.

विजेचं कुंपण मी लावलेलं नाही, पण ज्यांची जागा मोठी आहे त्यांना ते लावायला मी सांगेन. त्यातली तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, म्हणजे हुंगायला आलेल्या नाकाला लागते. झटका क्षणभराचा असतो, जीव घेत नाही, आणि ओल्या नाकाला बसलेला तो झटका जनावर विसरत नाही. त्याला सोकावता येत नाही, हे त्याचं मोठेपण. फक्त गवत तारेला टेकू द्यायचं नाही, नाहीतर वीज गवतातून जमिनीत जाते आणि नुसती तार उरते.

कोपरे पक्के झाल्यावर मला वाटलं, संपलं. पण मातीच्या पट्ट्यावर दुसरेच ठसे यायला लागले. बारीक, भरपूर, शेपटीच्या ओढीसकट. उंदीर. आणि एका सकाळी मातीवरून नागमोडी घसरत गेलेली रुंद रेघ. अंडी नाहीशी होत होती, टरफलाचा तुकडाही मागे न ठेवता, कारण साप अंडं आख्खं गिळतो. मी पुन्हा बाहेरून येणाऱ्याचा विचार करत होते. मुळात त्याला बोलावलं कुणी, हे बघायला मला वेळ लागला. संध्याकाळी कोंबड्यांच्या पुढ्यात उरलेले दाणे मी तसेच ठेवत असे, सकाळी उठल्या उठल्या त्यांना मिळावेत म्हणून. त्या दाण्यांना उंदीर आले, उंदरांच्या वासावर साप आला, आणि ते रानमांजरही बहुधा आधी उंदरांसाठीच माझ्या परसात यायला लागलं होतं. कोंबड्या त्याला नंतर सापडल्या. मूठभर दाण्यांनी मी एवढी पंगत बसवली होती.

उंदरांसाठी विष घालण्याचा सल्ला तेव्हा मला किमान चार जणांनी दिला. मी घातलं नाही आणि त्याचं मला समाधान आहे. रक्त गोठू न देणारी ही विषं, त्यांतलं वॉरफरिन 1948 पासून उंदरांसाठी वापरात आलं. पुढे आलेली त्यांची जास्त तीव्र भावंडं शरीरात, विशेषतः यकृतात, महिनोन्‌महिने राहतात. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त, झोकांड्या खात, उघड्यावर फिरतो आणि सगळ्यात सहज पकडला जातो. पकडतं कोण? गव्हाणी घुबड. पांढऱ्या बदामी तोंडाचं हे घुबड आणि त्याची पिल्लं रात्रीमागून रात्री उंदीरच खातात. केसांसकट, हाडांसकट गिळतात आणि न पचलेलं गोळी करून बाहेर टाकतात. तशी एक गोळी मला आमच्या झाडाखाली सापडली. पाण्यात भिजवून सुईने सोडवली. राखाडी केसांच्या लगद्यात तीन इवल्या कवट्या होत्या, दातांच्या पिवळ्या कडा अजून शाबूत. तीन उंदीर, एका गोळीत. विष घालून मी आधी हे घुबड मारलं असतं आणि मग उंदीर कुणी मारले असते?

आता दाणे दिवेलागणीला उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जातात. अंडी संध्याकाळीही एकदा काढली जातात. झाडाखाली पडलेली फळंही अंधाराच्या आत वेचते. त्याने बागेतही फरक पडला, कारण रात्री येणारे बरेच पाहुणे आधी पडलेल्या फळांसाठी येतात आणि मग वाफ्यांकडे वळतात. सशांसाठी वाफ्यांना हाताच्या उंचीची जाळी, तळाशी बाहेर वळवलेली, तीच युक्ती. साळिंदर मात्र जाळीला दातांनी आणि वजनाने दाद देत नाही. त्याच्यासाठी हालचाल टिपून पाण्याचा फवारा मारणारं यंत्र लावून पाहिलं. दर आठ दिवसांनी त्याची जागा बदलते, नाहीतर तेही दगडधोंड्यांत जमा होईल. गोगलगायी मी हातानेच वेचते. रात्री नऊच्या सुमाराला, ओल्या मातीवर, बॅटरीच्या तिरक्या उजेडात त्यांच्या वाटा चमकतात. मला ते काम आवडतं.

संध्याकाळी आपोआप बंद होणारी दारंही मिळतात, उजेड मोजून किंवा घड्याळावर चालणारी. ज्यांना त्या वेळी घरी असणं शक्य नाही त्यांच्यासाठी ती वरदान आहेत. पण यंत्र मोजत नाही. करडी तलंग, आता तिला तलंग म्हणू नये, पक्की कोंबडी झाली आहे, अजूनही सगळ्यांत शेवटी येते. दार बंद झालं आणि ती बाहेर राहिली, तर ते बंद दारच तिला रानमांजराच्या स्वाधीन करेल. म्हणून मी जाते. दिवे लागायच्या सुमाराला, आकाशात अजून थोडा पांढरेपणा असताना. त्या दांडीवर जागेसाठी भांडतात, सरकतात, एकमेकींना ढकलतात. मग हळूहळू आवाज बारीक होत जातो, आणि दोन पंखांमध्ये मान घालायच्या आधी प्रत्येकीचा एक लांबवलेला, घशातला सूर निघतो. मी दारातून हात आत घालून पाठींवरून बोटं फिरवत मोजते. आता नऊ आहेत. आठ मिळाल्या की झाडाकडे बघायचं.

ते रानमांजर अजून येतं. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. परवा सकाळी मातीच्या पट्ट्यावर त्याचे ठसे होते. मागच्या कोपऱ्याशी, जिथून ते पहिल्यांदा आत शिरलं होतं, तिथे ते बराच वेळ थांबलं असावं. चारी पाय रुतलेले होते, आणि मागे शेपटी टेकल्याची हलकी रेघ. मग दाराशी येऊन गेलं, डाव्या बाजूने फेरी पूर्ण केली आणि पट्टा ओलांडून कुंपणाकडे, झाडाच्या दिशेने निघून गेलं. त्या ठशांत नवीन काहीतरी होतं. मोठ्या ठशांच्या आत आणि बाजूला, तसेच गोल, तसेच बिननखांचे, पण माझ्या अंगठ्याएवढे दोन जोड चालत गेले होते. एक पिल्लू सारखं वाट सोडून वाफ्याकडे जात होतं आणि परत येत होतं.

मी कोंबड्या सोडल्या. मग फळी घेतली आणि संध्याकाळसाठी माती पुन्हा सपाट केली.